विनएंजिनाचें विमान आणि हवेची स्थिरता

ग्लायडर हें विनएंजिनाचें विमान तासन् तास आकाशांत राहतें असें ऐकलें म्हणजे पुष्कळांना वाटतें कीं, वारा त्याला उचलून धरीत असावा. आडवा वाहणारा वारा, मग तो कितीहि जोराचा असो, ग्लायडरला वीतभरहि वर चढवीत नाहीं. डोंगराच्या उतारावर आदळून तो वर वळला, तरच त्याचा कांहीं उपयोग. एरव्हीं ग्लायडर भोंवतालच्या हवेंतून सदैव खालींच घसरत असतें. चांगलें ग्लायडर झालें तरी तें दर सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडें अधिक उतरतेंच. हवा स्वतः याहून अधिक वेगानें वर चढत असेल, तर तिच्याबरोबर तेंहि वर जातें. अशी हवा कोठें, केव्हां आणि किती उंचीपर्यंत चढेल, हा वैमानिकापुढचा खरा प्रश्न होय. आणि त्याचें उत्तर बरेंचसें तापमान व ओलावा या दोन गोष्टींत सांपडतें.

उन्हानें हवा थेट फारशी तापत नाहीं. आधीं जमीन तापते आणि मग जमिनीला चिकटलेली हवा तापते. नांगरलेलें काळें शेत, खडकाळ माळ, गांवांतील पत्र्यांचीं छपरें हीं लवकर तापतात. तळें किंवा उसाचा मळा मागें राहतो. तापलेली हवा विरळ व हलकी होऊन फुग्यासारखी सुटते. भर दुपारीं पंख न हालवितां घार घिरट्या घेत वर जाते, ती अशाच एखाद्या प्रवाहावर. ग्लायडर चालविणारेहि घारीकडे लक्ष ठेवून असतात, आणि त्यांत त्यांना कमीपणा वाटत नाहीं.

परंतु ही हवा वर जातां जातां थंड होते. सायकलच्या पंपांत हवा दाबली म्हणजे पंप गरम होतो, हें आपण हातानें अनुभवलेलें आहे. येथें त्याच्या उलट घडतें. वर दाब कमी असल्यामुळें हवा फुगते, फुगण्याला लागणारी शक्ति आपल्याच उष्णतेंतून खर्च करते, आणि दर १०० मीटरला जवळजवळ १ अंश सेंटिग्रेड या हिशेबानें तिचें तापमान उतरतें. हा हिशेब ढग बनेपर्यंत बदलत नाहीं. भोंवतालच्या हवेचें तापमान मात्र असें ठरलेलें नसतें. तें रोज वेगळें, आणि सकाळीं एक तर दुपारीं दुसरें.

समजा, जमिनीवरील हवा ३४ अंशांची आहे. १,००० मीटर चढल्यावर ती २४ अंशांची होईल. तेथील मूळची हवा २२ अंशांची असेल, तर आपली हवा अजूनहि अधिक उष्ण, म्हणून हलकी. ती पुढें चढतच राहील. अशा वातावरणाला अस्थिर म्हणतात. तेथील हवा २६ अंशांची असेल, तर आपली हवा त्या उंचीला पोंचणारच नाहीं, वाटेंतच थबकेल; हें स्थिर वातावरण. व्यवहारांत स्थिर हा शब्द चांगल्या अर्थानें वापरतात, पण ग्लायडरच्या माणसाला स्थिर हवा म्हणजे बाजार बंद!

हिंवाळ्यांतील पहांटे असा बंद बाजार दिसतो. निरभ्र रात्रीं जमीन झपाट्यानें निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची हवाच अधिक उष्ण राहते. चुलींचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो, तो या उलट्या थरामुळें. अशा सकाळीं जमिनीपाशीं १६ अंश आणि ५०० मीटरवर २० अंश तापमान असेल, तर जमिनीवरील हवा २५ अंशांपर्यंत तापल्याखेरीज तेवढ्या उंचीला पोंचूं शकत नाहीं. उतावळा वैमानिक नऊ वाजतां निघाला, तर दहा मिनिटांत परत मैदानावर येतो. वेधशाळेनें फुग्याबरोबर उपकरणें सोडून वरचीं तापमानें घेतलेलीं असतात. तीं पाहून तो २५ अंशांची वाट पाहील, तर दुपार त्याची आहे.

आतां ओलाव्याकडे वळूं. हवेंत पाण्याची वाफ किती मावेल तें तापमानावर अवलंबून असतें. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेंत १७ आणि १० अंशांच्या हवेंत ९ च्या आसपास. हवा थंड होत गेली, कीं एका ठराविक तापमानाला ती वाफेनें तुडुंब भरते व पाण्याचे सूक्ष्म कण दिसूं लागतात. या तापमानाला दंवबिंदु म्हणतात. घरांतला माठ त्याची ढोबळ कल्पना देतो. कोरड्या हवेंत माठाच्या अंगावरचें पाणी भराभर उडून जातें, म्हणून आंतलें पाणी गार होतें; पाणी गार होईनासें झालें, तर दंवबिंदु वर चढला असें समजावें. वाफ ही कोरड्या हवेपेक्षां हलकी असते, हेंहि जातां जातां सांगून ठेवतों. दमट हवा जड असते ही समजूत आपल्या घामाची आहे, तराजूची नव्हे.

जमिनीवरील तापमान व दंवबिंदु यांतील अंतराला १२५ नीं गुणलें, कीं दुपारच्या कापशी ढगांचा तळ किती मीटरवर असेल तें अंदाजानें मिळतें. पुण्याजवळ हडपसर येथें कित्येक वर्षें ग्लायडिंगचें शिक्षण दिलें गेलें. तेथील हवेचा दाखला घेऊं. एप्रिलच्या दुपारीं तापमान ३६ आणि दंवबिंदु १२ असला, तर ढगाचा तळ ३,००० मीटरवर जातो व फिरायला प्रशस्त आकाश मिळतें. जुलैंत तेच आंकडे २७ व २२ झाले, तर अवघे ६२५ मीटर उरतात, आणि शिवाय ऊनहि नसतें.

पण ओलाव्याचें काम ढग दाखवून संपत नाहीं. एक ग्रॅम वाफेचें पाणी होतांना जवळजवळ ६०० कॅलरी सुप्त उष्णता बाहेर पडते. ती चढत्या हवेला मिळते, आणि मग त्या हवेचें तापमान १,००० मीटरला दहा अंशांऐवजीं पांचसहा अंशांनींच उतरतें. म्हणजे कोरड्या हवेला जें वातावरण स्थिर, तेंच ढगांतल्या हवेला अस्थिर होऊं शकतें. तळाशीं शांत वाटणारा ढग वर तासाभरांत बुरूज चढवितो, तो असा.

ऑगस्ट १९२६ मध्यें जर्मनींतील वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडरांच्या स्पर्धा चालू असतांना मॅक्स केगेल हा वैमानिक अशा गडगडाटी ढगांत ओढला गेला. सुमारें ५५ किलोमीटर दूर तो सुखरूप उतरला, त्या काळीं हें अंतर अचाट होतें, आणि ‘वादळी मॅक्स’ हें नांव त्याला कायमचें चिकटलें. सर्वांचेंच दैव असें नसतें. फेब्रुवारी २००७ मध्यें ऑस्ट्रेलियांत मॅनिला या गांवाजवळ दोन पॅराग्लायडर ढगांत खेंचले गेले. त्यांतील जर्मन स्त्री ९,९०० मीटरच्याहि वर जाऊन, बर्फानें माखलेली, शुद्ध हरपलेली, पण जिवंत परत आली. दुसऱ्या चिनी वैमानिकाला प्राणास मुकावें लागलें. ढगांतील चढती हवा दर सेकंदाला दहा मीटरहून अधिक वेगानें ओढूं लागली, कीं नाक खालीं करूनहि सुटका होईलच असें नाहीं.

म्हणून दख्खनांत वळवाच्या दिवसांत जाणता वैमानिक सकाळीं दंवबिंदु आदल्या दिवसापेक्षां चढला आहे का तें पाहतो. दुपारीं ढगाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगूं लागला, तळ काळवंडला व त्याखालीं वर नेणारी हवा एकाएकीं उदार झाली, कीं तो उंचीचा मोह सोडून बाजूला निघतो. ढगापासून दूर राहिलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. पाऊस पडूं लागतांच त्यांतून थंड, जड हवा खालीं कोसळते व धूळ उडवीत कित्येक मैल पसरते. ती ज्या मैदानावरून जाते, तेथें उतरणें धोक्याचें होतें. आणि ती निघून गेल्यावर निवालेल्या जमिनीवरून त्या दिवशीं पुन्हां हवा चढत नाहीं.