मीठ, वाळू आणि पल्लवांचे देऊळ

चेन्नईच्या दक्षिणेस महाबलिपुरम येथे, अगदी समुद्राच्या काठावर एक देऊळ उभे आहे. आठव्या शतकाच्या आरंभी पल्लव नरेश राजसिंह याने ते उभारले. जवळचे रथ अखंड कातळातून कोरलेले. हे मात्र घडीव ग्रॅनाइटचे चिरे रचून बांधलेले. सागराच्या इतक्या निकट पाया घालणाऱ्या स्थपतीच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडेच!

लाटांनी देऊळ ढासळेल, अशी भीती पाहणाऱ्यास वाटते. पण त्याचा खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. खाऱ्या हवेतील ओलावा दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतो, उन्हाने आटतो आणि मागे उरलेल्या मिठाचे स्फटिक वाढत वाढत दगडाचा कण न् कण सुटा करतात. शिवाय वाऱ्यावर येणारी वाळू कानशीप्रमाणे घासते. कित्येक मूर्तींचे नाकडोळे त्यामुळे पुसट झाले आहेत. पुरातत्त्व खात्याने समुद्राच्या बाजूस दगडांचा बांध घातला, सुरूची झाडे लावली. भिंतींना ओल्या कागदी लगद्याचे लेप देऊन मीठ शोषून घेतले जाते. पण वारा रोज नवे मीठ आणतोच.

गंमत अशी की, हीच वाळू अंगावर साचली तर ढाल होते. १९९० साली या आवारात वाळूखाली दडलेला भूवराह आणि एक चिमुकले देवालय सापडले. पुढे २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने किनाऱ्याची वाळू खरवडून नेली. उत्तरेस सालुवनकुप्पम येथे उघड्या पडलेल्या खडकावर राष्ट्रकूट नरेश तिसरा कृष्ण याच्या काळचा लेख दिसला. त्यात एका देवळाचा उल्लेख होता. त्या धाग्याने २००५ साली उत्खनन होऊन मुरुगाच्या देवळाचे विटांचे अवशेष हाती आले.

माणसाचे बांधकाम या वाळूचा हिशेब बदलून टाकते. या किनाऱ्यावर वर्षाचा बराच काळ ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. चेन्नईचे बंदर झाले, तेव्हा तिची वाट अडली. दक्षिणेस मरीनाची चौपाटी रुंदावली, तर उत्तरेस रोयापुरमकडे समुद्र जमीन खाऊ लागला. म्हणून एका देवळापुढे दगड टाकताना पलीकडच्या किनाऱ्याचाही विचार करावा लागतो. सालुवनकुप्पमच्या त्या विटा तर आता वाळूच्या पांघरुणाबाहेर, त्याच खाऱ्या वाऱ्यात उघड्या आहेत. आणि वीट ही ग्रॅनाइटहून कितीतरी मऊ.