तत्त्वज्ञान? ते तर आपल्या ओट्यापाशीच असतं!

मैत्रिणींनो, 'तत्त्वज्ञान' हा शब्द दिसला की पान उलटायचं, ही आपली जुनी सवय. हा विषय जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या प्राध्यापकांचा, नाहीतर घरादाराचा मोह सुटलेल्या साधुमहाराजांचा! आपला त्याच्याशी काय संबंध? मीही असंच समजत होते. पण आज एवढं एक पान उलटू नका. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाचलंत तरी चालेल.

त्याचं असं झालं. आमच्या सासूबाई आजारी पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी ह्यांना नि भाऊजींना बाजूला बोलावून सांगितलं, की दुखणं बरं होण्यातलं नाही. परत येताना रिक्षातच दोघा भावांचं ठरलं, "आईला यातलं काही कळू द्यायचं नाही." आठवडाभराने मी मेथी निवडत बसले होते. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या, दोन काड्या हातात घेतल्या आणि एकदम म्हणाल्या, "खरं सांग गं, मला काय झालंय?"

मी म्हटलं, "काही नाही हो आई, अशक्तपणा आहे."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मी त्यांना सुख दिलं, की त्यांचा हक्क काढून घेतला? दुसऱ्या दिवशी लेकीचं कपाट आवरताना तिचं कॉलेजातलं तत्त्वज्ञानाचं पुस्तक हाती लागलं. सहज चाळलं आणि थक्क झाले. अहो, त्यात माझेच प्रश्न होते!

निवडणं-टिपणं

'फिलॉसफी' हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ ज्ञानाचं प्रेम. आपल्याकडचा जुना शब्द 'दर्शन', म्हणजे पाहणं. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदान्त ही सहा दर्शनं, शिवाय चार्वाक, जैन आणि बौद्ध विचार. यांत देव मानणारे आहेत तसे न मानणारेही आहेत. तेव्हा तत्त्वज्ञान म्हणजे पोथी आणि जपमाळ, हा समज आधी काढून टाकूया.

मला विचाराल तर तत्त्वज्ञान म्हणजे तांदूळ निवडणं. भात तर सगळेच खातात, पण कुणीतरी ताट उजेडाकडे धरून खडे वेचावे लागतात. आपण ज्या गोष्टी बिनदिक्कत खऱ्या धरून चालतो, त्या उजेडाकडे धरून पाहायच्या. अथेन्सचा सॉक्रेटिस भर बाजारात लोकांना थांबवून हेच करायचा, "न्याय न्याय म्हणता, तो म्हणजे काय?" लोक इतके चिडले, की इ.स.पूर्व ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला प्यावा लागला. प्रश्न विचारणाऱ्या सुनेचं काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहेच, त्यामुळे सॉक्रेटिसचं नवल वाटायला नको!

कशावरून खरं?

पहिली शाखा ज्ञानमीमांसा. मला अमुक गोष्ट माहीत आहे असं मी म्हणते, ते कशाच्या जोरावर? आपल्या नैयायिकांनी चार मार्ग सांगितले : प्रत्यक्ष पाहणं, अनुमान, उपमान म्हणजे सारखेपणावरून ओळखणं, आणि शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. चार्वाकांनी मात्र बजावलं, की डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं. वेदान्ती म्हणाले, डोळ्यांचं तरी काय घेऊन बसलात? अंधारात दोरी पडली तर साप दिसतोच की!

आता आमच्या घरचंच पाहा. सासूबाईंना काही 'माहीत नाही' असं आम्ही धरून चाललो होतो. हे ज्ञान आमच्याकडे कुठून आलं? कुणी सांगितलं नाही म्हणजे कळलं नाही, एवढ्यावरून. हा झाला तांदळातला पहिला खडा.

धूर आणि चूल

दुसरी शाखा तर्कशास्त्र. एका गोष्टीवरून दुसरी नीट कशी काढावी, याचं शास्त्र. पाश्चात्त्यांकडे त्याची पद्धतशीर मांडणी ॲरिस्टॉटलने (इ.स.पूर्व ३८४–३२२) केली. आपल्या न्यायशास्त्राचं ठरलेलं उदाहरण ऐकून मात्र तुम्हाला गंमत वाटेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव असला पाहिजे. आणि धूर तिथे विस्तव, याला दाखला कशाचा? तर स्वयंपाकघराचा! एवढ्या मोठ्या पंडितांना पुरावा शेवटी आपल्या चुलीपाशीच सापडला.

पण अनुमान चुकतंही. 'आई रडत नाही, म्हणजे आईला कळलेलं नाही.' हे बरोबर आहे का? न रडण्याची आणखी दहा कारणं असू शकतात. आपल्या घरांतली निम्मी भांडणं अशाच घाईच्या अनुमानांवर उभी असतात.

गोधडी कोणाची?

तिसरी शाखा सत्तामीमांसा. 'सत्ता' म्हणजे इथे खुर्ची नव्हे हं, तर 'असणं'. मुळात काय आहे? मी म्हणजे कोण? बृहदारण्यक उपनिषदात भर सभेत गार्गीने याज्ञवल्क्यांना विचारलं, की हे सगळं जग कशावर विणलेलं आहे? उभे-आडवे धागे, विणकामातली भाषा! उत्तरामागून उत्तर येत गेलं, तशी ती आणखी मागे मागे विचारीत गेली. शेवटी, "अति विचारू नकोस, नाहीतर मस्तक गळून पडेल," अशी तंबी तिला मिळाली. गार्गी तेव्हा गप्प बसली खरी, पण पुढे त्याच सभेत पुन्हा उभी राहून तिने आणखी दोन प्रश्न टाकलेच.

मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने विचारलं होतं, की रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? की यांतलं काहीच नव्हे? आपण गोधडीवरून विचारूया. आजीची गोधडी दरवर्षी थोडी थोडी ठिगळली. आता मूळचा एकही तुकडा उरला नाही. ती आजीचीच गोधडी का? आणि दुखण्याने पार बदललेलं, कालपरवाचं न आठवणारं माणूस तेच माणूस का? देकार्त या फ्रेंच पंडिताने शरीर आणि मन अगदी वेगळी मानली, तेव्हा बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये त्याला पत्र लिहून विचारलं, मनाला जर आकारच नाही, तर ते शरीराला हलवतं कसं? तिचं पुरतं समाधान होईल असं उत्तर देकार्तला काही देता आलं नाही.

करावं तरी काय?

चौथी शाखा नीतिशास्त्र. माझी झोप उडवली ती हिनेच. जर्मनीच्या कांटने (१७२४–१८०४) तर ठणकावून सांगितलं, की खोटं बोलायचंच नाही. अगदी खुनी दाराशी येऊन घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरीसुद्धा! उलट महाभारतात, कर्णपर्वात, कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. लुटारूंनी विचारलं आणि याने, सत्यव्रत ना, लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा खरा खरा सांगून टाकला. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. तिसरीकडे इंग्लंडचा मिल म्हणतो, की परिणाम पाहा. ज्याने अधिकांचं अधिक सुख साधेल, ते करा.

मग मी कुणाचं ऐकावं? कांट म्हणेल, खोटं बोललीस, चुकलीस. मिलच्या हिशेबाने विचारायचं, तर सुख कुणाचं वाढलं, त्यांचं की तुमचं? आणि मनाशी प्रामाणिकपणे निवडून पाहिलं तेव्हा कळलं, की ते खोटं मी त्यांच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त बोलले होते. त्यांचं रडणं मला बघवणार नव्हतं.

यालाच लागून सामाजिक आणि राजकीय तत्त्वज्ञान येतं : कुणाबद्दल कुणी ठरवायचं? प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात राज्यरक्षक स्त्रियांनाही पुरुषांसारखंच शिक्षण सांगितलं. मेरी वुल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर ग्रंथ लिहिला, आणि १८८२ मध्ये आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारला. सासूबाईंच्या दुखण्याचा निर्णय रिक्षात झाला आणि त्या रिक्षात सासूबाईच नव्हत्या, हे मला तेव्हा खटकलं.

राहिलं सौंदर्यशास्त्र. दोन मिनिटांत पुसली जाणार हे माहीत असून आपण रांगोळी का काढतो? तिकीट काढून रडवणारं नाटक पाहायला का जातो? भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तला रसविचार याच प्रश्नांकडे नेतो.

मग पुढे काय झालं?

मी ह्यांच्याशी बोलले. आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "तूच विचार तिला." मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि विचारलं, "आई, दुखण्याबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?"

त्या म्हणाल्या, "मला कळलंय गं कधीचंच. पण तुम्ही सगळी हसून बोलत होतात, म्हणून मीही हसत होते."

म्हणजे महिनाभर आम्ही त्यांना सांभाळत होतो आणि त्या आम्हाला! मग त्यांनी आपली लुगडी लेकी-सुनांत स्वतःच्या हाताने वाटली, धाकट्या बहिणीला बोलावून आठ दिवस ठेवून घेतलं, आणि तिच्याशी पंधरा वर्षांचा अबोला सोडला. चार महिन्यांनी त्या गेल्या.

आमच्या भाऊजींना अजूनही वाटतं, की विचारायला नको होतं, शेवटचे महिने आई निर्धास्त राहिली असती. त्यांचं सगळंच चुकतंय असं मी म्हणणार नाही. एखादीला खरंच ऐकायचं नसेल, तर तिच्यावर सत्य लादणंही बरं नव्हे. म्हणून तर मी सांगण्याआधी विचारलं.

तुम्हाला या वाटेने चार पावलं जावंसं वाटलं, तर मराठीत सोय चांगली आहे. श्रीनिवास दीक्षितांचं 'भारतीय तत्त्वज्ञान' सुरुवातीला घ्या. अडेल तिथे दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला, १९७४ सालचा 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' एखाद्या मोठ्या ग्रंथालयात पाहा. आपल्या खानदेशात अमळनेरला तर १९१६ पासून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचं मंदिरच उभं आहे.

आणि पुस्तक नाही मिळालं तरी अडायला नको. घरात एखादा अवघड निर्णय आला, की मनाशी चारच गोष्टी विचारा : हे मला माहीत आहे ते कशावरून? यावरून ते खरंच निघतं का? मी हे कुणाच्या भल्यासाठी करते आहे? आणि ज्याचा प्रश्न आहे, त्याला विचारलं का?

कुकर झाला असेल, गॅस बंद करा!