सव्वा वितीची अनारकली

के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’साठी (१९६०) कपडे शिवायला दिल्लीचे शिंपी होते, भरतकामाला सुरत-खंबायतचे कारागीर, दागिन्यांना हैदराबादचे सोनार. पादत्राणे आग्र्याहून आली आणि मुकुट घडवले आपल्या कोल्हापूरकरांनी. शीशमहालात अनारकली म्हणून नाचणाऱ्या मधुबालाच्या थाटाचा पोशाख साडेअकरा इंची बाहुलीसाठी करायला घेतला, की ही सगळी गावे एकाच माणसाच्या मांडीवर येऊन बसतात.

१९५९ साली मॅटेलने बार्बी बाजारात आणली. तिचे माप माणसाच्या साधारण एक-षष्ठांश. त्यामुळे कापडाचा हिशेब सोपा: सहाने भागायचे. पाच मीटरचा घेर ८३ सेंटिमीटरवर येतो. मणी मात्र भागता येत नाही. बाजारात मिळणारा बारीक काचमणी, पंधरा नंबरचा, दीड मिलिमीटरचा असतो. बाहुलीच्या अंगावर तो माणसाच्या हिशेबाने नऊ मिलिमीटरचा होतो. जोंधळा म्हणून लावलेला दाणा हरभरा दिसतो. मूळ पोशाखातला प्रत्येक ठिपका उतरवायला गेले की बाहुली नक्षीखाली झाकून जाते. काय गाळायचे हे ज्याला कळले, त्यालाच हे काम साधते. दहा बुट्ट्यांच्या जागी दोन, चार पदरी काठाच्या जागी एक ओळ. पण गळ्याची रेघ आणि काठ सोडायचे नाहीत, कारण पडद्यावरची अनारकली आपल्याला आठवते ती तिथूनच.

मण्यापेक्षाही बारीक चमक हवी असेल तर जरदोजीतला सलमा कामी येतो. ही स्प्रिंगसारखी वळलेली पोकळ तार. कात्रीने तिचे मिलिमीटरभर तुकडे करायचे आणि मण्यासारखे सुईत ओवायचे. तुकडे उडतात, म्हणून ताटलीत मखमलीचा तुकडा अंथरून त्यावरच कापावेत. आरीचा, म्हणजे भरतकामाच्या आकडीदार सुईचा, मोह इथे टाळावा. आरीचे टोक मण्याच्या भोकातून जावे लागते आणि पंधरा नंबरच्या मण्यात ते अडते. शिवाय आरीचा टाका म्हणजे साखळी टाका. एक दोरा सुटला तर अख्खी ओळ उसवते. साधी बारीक सुई, दुहेरी दोरा आणि दर चार-पाच मण्यांनंतर मागे गाठ, ही रीत वेळखाऊ आहे, पण टिकते.

कापड आधी कापायचे नाही. फ्रेमवर ताणून त्यावर घेराच्या कळ्या आखायच्या, भरायच्या आणि मग कापायच्या. प्रत्येक कळीच्या कडेला शिलाईपुरती पट्टी मोकळी ठेवायची, नाहीतर सुई मण्यावर आदळून मोडते. कळ्या जोडल्या की शिवणीवर राहिलेल्या फटी हाताने भरायच्या. पाहणाऱ्याला जोड सापडता कामा नये. मला विचाराल तर कारागिराची खरी पारख याच जागी होते.

घेराची गंमत वेगळीच. कापड सहापट पातळ होत नाही आणि एवढ्याशा तुकड्याला वजनही नसते. त्यामुळे बाहुलीचा झगा खाली पडण्याऐवजी फुगून उभा राहतो. उपाय मण्यांतच आहे. तळाच्या काठाला दोन ओळी काचमणी घातले की घेर वजनाने खाली येतो आणि चुण्या पडतात. मधुबालाच्या गिरकीत जो डौल आहे, त्याची थोडी झाक या काठामुळे दिसू लागते. कापड म्हणून मलमल किंवा पातळ जॉर्जेट घ्यावे. ब्रोकेड कितीही देखणे असले तरी इथे ताठर पडते.

आतून पांढरे अस्तर हवेच. गडद लाल कापडाचा रंग बाहुलीच्या प्लास्टिकला लागतो आणि मग निघत नाही. पाठीला बारीक हुक लावावेत. वेल्क्रो दुपट्ट्याची जाळी ओढून फाडते. चुडीदाराच्या चुण्यांसाठी कापड आडवे न धरता तिरपे कापावे, म्हणजे ते पायाला चिकटून बसते.

गोंदाने खडे चिकटवून हेच रूप एका संध्याकाळात उभे करता येते, आणि फोटोत ते चांगलेही दिसते. पण चिकटवलेल्या जागी कापड कडक होते, घेर हलेनासा होतो. ज्या मधुबालाला आपण नाचताना पाहिले, तिचा पोशाख हलायलाच हवा. अनारकलीच्या टोपीवरचे खडे गोंदाने लावले तरी चालतील, कारण टोपी हलत नाही. घेरावर मात्र प्रत्येक मणी शिवूनच घ्यावा.