काजव्यांची नोंद

वैशाख सरत येतो, वळवाच्या एकदोन सरी पडून जातात आणि सह्याद्रीच्या रानात काजवे चमकू लागतात. भंडारदरा, राजमाची या परिसरात मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशा वृक्षांवर हजारो काजवे लुकलुकताना दिसतात. पावसाचा जोर वाढला, की हा दीपोत्सव मावळतो.

काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक आहे. पुढच्या पंखांची जोडी मागच्या नाजूक पंखांवर झाकणासारखी मिटलेली असणे, ही भुंगेऱ्यांची खूण होय. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य प्राणवायूशी संयोग पावते व त्यातून प्रकाश उत्पन्न होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. नर व मादी या प्रकाशाने एकमेकांना साद घालतात.

'पूर्वी काजवे पुष्कळ असत,' असे गावोगावची वडीलधारी माणसे सांगतात. परंतु पुष्कळ म्हणजे किती आणि पूर्वी म्हणजे केव्हा, हे बहुधा कोणी लिहून ठेवलेले नसते. जगभरातील काजवे-अभ्यासकांच्या मतांची एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. अधिवासाचा नाश, कृत्रिम प्रकाश व कीटकनाशके ही काजव्यांवरील मुख्य संकटे होत, असे तीत म्हटले आहे. एखाद्या गावच्या शिवारात काजवे खरोखर घटले की नाही, हे मात्र तेथल्या नोंदींवाचून ठरवता येत नाही.

नोंदीसाठी वही, पेन्सिल व घड्याळ एवढे साहित्य पुरते. दिनांक, वेळ, गाव, झाडाचे नाव, पाऊस, वारा, चांदणे आणि दिसलेल्या काजव्यांची संख्या लिहावी. रोज तेच झाड तितकाच वेळ पाहावे, म्हणजे एका रात्रीची दुसरीशी तुलना करता येते. मोजलेला आकडा कोणता व अंदाजाचा कोणता, हे स्पष्ट लिहावे. काजवे पकडू नयेत. झाडावर विजेरीचा झोतही टाकू नये. त्या उजेडात त्यांची साद हरवते.

ज्या रात्री एकही काजवा दिसत नाही, त्या रात्रीचे पानही कोरे सोडू नये. तेथे शून्य लिहावे. कोणी पाहिलेच नाही ती रात्र निराळी आणि पाहूनही काजवा दिसला नाही ती रात्र निराळी. हा भेद त्या एका शून्याने कळतो.