नकाशांच्या कागदावर कोरलेली फुलं

1945 साली एप्रिल ते जून या काळात ओकिनावा बेटावर जी लढाई झाली, तिच्यात दोन लाखांहून अधिक माणसं मेली. बेटावरच्या सामान्य रहिवाशांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक त्यात गेले. शुरी इथला जुना राजवाडा जमीनदोस्त झाला आणि त्याच्या आश्रयानं वाढलेल्या रंगाऱ्यांची घरंही उद्ध्वस्त झाली. एइकी शिरोमा (1908–1992) हे पिढीजात रंगारी पुन्हा कामाला बसले तेव्हा त्यांच्याकडे नक्षी कोरायला कागदसुद्धा नव्हता. अमेरिकी लष्करानं टाकून दिलेले नकाशे त्यांनी गोळा केले आणि त्यांवर फुलं-पानं कोरली. खळ पसरवायला फुटक्या ग्रामोफोन तबकडीचा तुकडा घेतला, खळ पिळायच्या पिशवीला बंदुकीच्या गोळीचं रिकामं काडतूस तोटी म्हणून बसवलं आणि लाल रंगाची नड लिपस्टिकवर भागवली. बिंगाता ही कला आज जगात आहे ती या जिद्दीमुळे.

बिंगाता म्हणजे स्टेन्सिल ठेवून, खळ लावून, हातानं रंगवलेलं कापड. आज ओकिनावा जपानचा प्रांत आहे, पण 1879 पर्यंत तिथे र्‍युक्यूचं वेगळं राज्य होतं. 1429 मध्ये एक झालेल्या या छोट्या राज्याची गलबतं चीन, जपान, सयाम, जावा असा व्यापार करत. त्या बंदरांतून आलेलं किती तरी रंगीत कापड शुरीच्या दरबारानं पाहिलं. काही अभ्यासकांना बिंगातामध्ये जावाच्या बाटिकची आणि आपल्याकडच्या चिंट्झची छाया दिसते. पण उष्ण बेटाच्या झगझगीत उन्हात जे रंग उठून दिसतील, तेच या लोकांनी निवडले: शेंदरी, गर्द पिवळा, निळा, जांभळा. पिवळी जमीन आणि मोठी नक्षी हा राजघराण्याचा मान होता. दर्जा उतरत गेला की नक्षीही लहान होत जाई. शिरोमा, चिनेन आणि ताकुशी ही तीन घराणी दरबारासाठी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली.

कारागीर काम करताना बसतो तेव्हा त्याच्यापुढे रुकुजू नावाचा एक पिवळसर, कठीण ठोकळा असतो. तो सोयाबीनच्या टोफूचा असतो. टोफू महिनोन्‌महिने वाळवून दगडासारखा घट्ट करतात. त्यात तेलाचा अंश असल्यामुळे पातं गंजत नाही आणि त्याची धारही बोथट होत नाही. या ठोकळ्यावर पर्सिमॉन फळाच्या रसानं पक्का केलेला कागद ठेवतात. शीगू हा बारीक चाकू आपल्याकडे ओढायचा नाही, पुढे टोचत न्यायचा. त्यामुळे प्रत्येक रेषेच्या कडेला हाताचा किंचित थरार उतरतो. यंत्राला नेमकं हेच जमत नाही.

मग कोरलेला कागद कापडावर ठेवून त्यावरून तांदळाचं पीठ आणि कोंडा यांची खळ फिरवतात. जिथे खळ बसते तिथे रंग शिरत नाही. उरलेल्या जागी सोयाबीनच्या दुधात कालवलेली खनिज रंगद्रव्यं भरतात. दोन ब्रश एका हातात असतात. एकानं रंग ठेवायचा आणि दुसऱ्यानं, म्हणजे माणसाच्या केसांच्या आखूड ब्रशनं, तो धाग्यात घोळून जिरवायचा. रंग एकदा बसला की पाकळीच्या गाभ्यात त्याहून गडद छटा देऊन ती कडेकडे फिकट करत नेतात. याला कुमादोरी म्हणतात. सपाट फुलाला त्यामुळे उठाव येतो. नंतर सगळी नक्षी पुन्हा खळीनं झाकून जमीन रंगवायची, रंग पक्के करायचे, आणि शेवटी कापड पाण्यात बुडवून खळ सोडवायची. खळ सुटताना नक्षी पहिल्यांदाच पूर्ण दिसते.

1879 मध्ये राज्य खालसा झालं आणि या कारागिरांचा पोशिंदाच गेला. तरीही कला तगली, कारण काहींनी तिची नोंद ठेवली. योशितारो कामाकुरा (1898–1983) हे चित्रकलेचे शिक्षक. 1920 च्या दशकात ते बेटभर हिंडले, जुन्या घराण्यांकडची स्टेन्सिलं मिळवली, छायाचित्रं काढली, वह्या भरल्या आणि हे सारं जपानच्या मुख्य भूमीवर नेलं. मुख्य भूमीवरचे कलावंत केइसुके सेरिझावा (1895–1984) यांनी 1939 मध्ये ओकिनावात जाऊन तिथल्या कारागिरांकडून हे तंत्र शिकून घेतलं. युद्धानंतर शिरोमा आणि सेकिको चिनेन नव्यानं सुरुवात करू पाहत होते, तेव्हा कामाकुरांनी नेलेल्या नक्षींचा त्यांना मोठा आधार झाला. अमेरिकी सैनिकांना विकायला बिंगाताची नाताळची शुभेच्छापत्रंही केली गेली. पोट भरलं तरच हात चालू राहणार होते. 1950 मध्ये बिंगाता जतन करणारी संस्था उभी राहिली. 1996 मध्ये रंगारी युको तामानाहा यांना जपान सरकारनं बिंगातासाठी 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा सन्मान दिला.

मला मात्र या जतनापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. दरबारी वस्त्रांवर चेरीचा बहर, मेपलची पानं, बर्फानं वाकलेल्या फांद्या असत. ओकिनावात बर्फ पडत नाही. चीन आणि जपानच्या नमुन्यांवरून उचललेली ती सुंदर पण परकी सृष्टी होती. आजचा चित्रकार स्टेन्सिल कोरताना स्वतःचं अंगण पाहतो. त्यात लालभडक डेइगो येतो. हा आपला पांगाराच. ते या प्रांताचं फूल आहे. जास्वंद येते, गोया म्हणजे कारल्याचा वेल येतो, प्रवाळातले मासे येतात. शिरोमा घराण्याच्या सोळाव्या पिढीतले एइइची शिरोमा इंडोनेशियात बाटिक शिकून आले. म्हणजे जुन्या व्यापाराची वाट एका कलावंतानं पुन्हा चालून पाहिली.

ही नक्षी आता रोजच्या कपड्यांवरही आली आहे. 1970 मध्ये पर्यटन व्यवसायातल्या लोकांनी हवाईच्या अलोहा शर्टावरून 'ओकिनावा शर्ट' काढला. 2000 साली नागो इथे आठ बड्या देशांची परिषद भरली, तेव्हा नेत्यांनी हे शर्ट घातले आणि करियुशी हे नाव रूढ झालं. त्याच्या दोनच अटी आहेत: शिवण ओकिनावातली आणि नक्षी ओकिनावाची. बँकेतला कारकून, सरकारी अधिकारी उन्हाळाभर तोच शर्ट घालतात. अंत्यविधीला जायचं तर काळ्या रंगातला करियुशी असतो. बिंगाताच्या चित्रकारांनी काढलेल्या नक्षी अशा शर्टांवर छापल्या जातात. दुसरीकडे, योत्सुदाकेसारखी नृत्यं करणाऱ्या नर्तिका आजही मंचावर हाती रंगवलेली बिंगाता नेसतात.

छापील शर्ट म्हणजे बिंगाता नव्हे, हे उघड आहे. छपाईत केसांचा ब्रश नाही आणि कुमादोरीही नाही. स्वस्त छपाईनं हातकामाची किंमत पाडली तर रंगारी टिकणार नाही, ही भीतीही खरी आहे. म्हणून नक्षी कुणाची, हे शर्टावर लिहिलं गेलं पाहिजे आणि तिचा मोबदला चित्रकाराच्या घरी पोहोचला पाहिजे. एवढं पाळलं तर शर्ट हा हातकामाचा शत्रू ठरत नाही. कारण तो घालणाऱ्या शंभरातला एखादा तरी कधीतरी शुरीच्या कार्यशाळेत जाऊन खरं कापड हातात घेईल. राज्य असताना ही कला राजाच्या खर्चावर चालली आणि ते गेल्यावर कारागिरांच्या हिमतीवर. इथून पुढे तिला साध्या माणसांनी अंगावर घालून सांभाळायचं आहे. ओकिनावाच्या लोकांनी ते काम मनापासून उचललं आहे आणि म्हणूनच या कलेच्या भवितव्याबद्दल मला विश्वास वाटतो.