कुजक्या पाण्याचा सुवास

गेल्या पावसाळ्यात माझा रूम पार्टनर डेंग्यूने आठ दिवस आडवा झाला. सबमिशन बुडाले ते वेगळेच! मग आम्ही विंगमधली पोरं साठलेलं पाणी शोधायला निघालो. गच्चीवर दोन बादल्या सापडल्या. एकीत नुसते पावसाचे पाणी, दुसरीत पाने कुजून चहासारखे झालेले. अळ्या मात्र दुसरीतच जास्त. असं का? पुस्तकं चाळली, तर निघाली चक्क केमिस्ट्री.

चावते ती डासाची मादी. अंड्यांसाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. रक्त प्यायल्यावर दोन-तीन दिवसांनी ती अंडी घालायला पाणी शोधते, आणि त्यात तिला वासाची मोठी मदत होते. पाण्यात पडलेला पाला, गवत बॅक्टेरिया कुजवतात. त्यातून फिनॉल, पॅरा-क्रेसॉल, इंडोल, स्कॅटोल अशी संयुगे हवेत पसरतात. आपण नाक दाबतो. तिला मात्र 'मेस चालू आहे' असा बोर्ड दिसतो, कारण अळ्यांचे खाणे म्हणजे हेच बॅक्टेरिया.

१९९२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कुजवलेल्या बर्म्युडा गवताच्या, म्हणजे आपल्या हरळीच्या, पाण्यातून अशी संयुगे वेगळी केली. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सला त्यांतले स्कॅटोल सर्वांत जास्त खेचते असे दिसले. डेंग्यूच्या एडिसला पहिल्या पावसातल्या मातीचा वास, म्हणजे जिओस्मिन, आवडतो. तो बीटच्या सालीतही असतो, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही साल आमिष म्हणून वापरली गेली.

मग काय, आम्हीही काळ्या डब्यात गवताचे पाणी भरून सापळा लावला! आत खरखरीत कागद, कारण एडिस पाण्याच्या जरा वर, ओल्या कडेला अंडी चिकटवते. आठवड्याला कागद जाळायचा, पाणी कोरड्या जमिनीवर ओतायचे. दोन आठवडे जमलं. मग पीएल लागली, सगळे घरी गेलो. परतलो तर आमच्याच डब्यात अळ्या वळवळत होत्या! अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. विसरलेला सापळा म्हणजे डासांचा पाळणाच.

तेव्हा मित्रांनो, सापळ्याच्या भानगडीत न पडता आधी बादली रिकामी करा. नुसती ओतू नका, कडा घासा. एडिसची अंडी कोरडी राहूनही काही महिने जगतात आणि पाणी मिळालं की फुटतात. आमच्या विंगमध्ये आता दर रविवारी हाच व्हायवा असतो.