नवरंगासाठी पाचोळा

नवरंग टिकवायचा तर झाडांइतकाच त्यांच्याखालचा पाचोळा राखायला हवा. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून हा जेमतेम 19 सेंटिमीटरचा, आखूड शेपटीचा पक्षी पावसाच्या तोंडावर उत्तरेकडे सरकतो. सह्याद्रीच्या रानातही घरटं करतो. त्याचं पोट जमिनीवर भरतं. ओली पानं उलथून तो किडे, अळ्या, गांडुळं टिपतो. अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यातल्या कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात झाडी उभी राहिली, पण खालची जमीन जळून उघडी पडली, तर ते रान त्याच्या कामाचं नाही.

पाचोळ्यानं वणवा भडकतो, भाताच्या राबालाही, म्हणजे रोपांची जमीन भाजायलाही, पाचोळा लागतो, हे खरंच. पण वणव्यावर उपाय जाळरेषांचा आहे, आणि राबाला बांधावरच्या झाडांचा पाला चालतो. निदान देवराईतला पाचोळा कुणी उचलू नये.